राज्याची तिजोरी कुणाच्या हातात? महाराष्ट्राच्या वित्त आणि कर यंत्रणेत नव्याने येणाऱ्यांसाठी

दुकानाची जीएसटी नोंदणी अडकली की माणूस तहसील कार्यालयात चौकशी करतो. शासकीय वसतिगृहाला पुरवलेल्या खाटांचं बिल थकलं की कोषागारात चकरा मारतो. पेन्शनच्या आदेशात जन्मतारीख चुकली की बँकेत भांडतो. तिन्ही वेळा खिडकी चुकलेली असते. समोरचा कर्मचारी अनेकदा खरंच सांगत असतो की हे काम त्याचं नाही, पण मग ते कुणाचं, हे सांगायला त्याला वेळ नसतो. नवा व्यापारी, नवा पुरवठादार, कार्यालयात नुकताच रुजू झालेला लिपिक आणि स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, या सगळ्यांना उपयोगी पडेल अशी वाट इथे दाखवायचा प्रयत्न आहे.

पायरी पहिली: चार कामं वेगळी करा

सरकारी पैशाच्या बाबतीत चार कामं असतात, आणि ती मुद्दाम चार वेगळ्या हातांत दिलेली आहेत. कर आकारणं आणि वसूल करणं हे एक. पैसा कुठे, किती खर्च करायचा हे ठरवणं दुसरं. प्रत्यक्ष देयक तपासून पैसे देणं तिसरं. झालेल्या व्यवहाराचा हिशेब आणि तपासणी चौथं. कर आकारणारा अधिकारी पैसे खर्चू शकत नाही, खर्चाला मंजुरी देणारा स्वतः पैसे काढू शकत नाही, आणि पैसे देणारा स्वतःच्याच हिशेबाचं अंतिम लेखापरीक्षण करत नाही. सामान्य माणसाला जो 'सरकारी घोळ' वाटतो त्यातला बराचसा भाग या विभागणीतून आलेला असतो, आणि ती विभागणी हवीच. एकाच हातात चारही चाव्या असत्या तर आपल्या पैशाचं काय झालं असतं ते सांगायला नको.

म्हणून कुठलंही काम घेऊन निघण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: माझं काम या चारपैकी कशातलं आहे? उत्तर मिळालं की निम्मा रस्ता संपतो.

पायरी दुसरी: वित्त विभाग म्हणजे काय ते समजून घ्या

मंत्रालयातला वित्त विभाग ठरवणाऱ्यांपैकी आहे. वर वित्तमंत्री, त्यांच्याखाली अपर मुख्य सचिव, मग सचिव, सहसचिव-उपसचिव, अवर सचिव, कक्ष अधिकारी. काम चालतं ते 'कार्यासनां'त, म्हणजे एकेक विषय सांभाळणाऱ्या शाखांत. प्रत्येक कार्यासनाला नाव आणि क्रमांक असतो, आणि शासन निर्णयाच्या क्रमांकातच तो लिहिलेला असतो. महागाई भत्त्याच्या निर्णयावर 'सेवा-9' दिसेल, निवृत्तिवेतनाच्या निर्णयावर 'सेवा-4', जीएसटीच्या अधिसूचनेवर 'कराधान-1'. इतर खात्यांच्या खर्चाच्या प्रस्तावांवर अभिप्राय देणारी 'व्यय' कार्यासनं वेगळी आहेत. पत्र लिहायचं असेल तर 'वित्त विभाग, मंत्रालय' एवढ्यावर थांबू नका, कार्यासन लिहा. नाहीतर ते पत्र टपालातच फिरत राहतं.

शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रत्येकाला 18 अंकी संकेतांक असतो आणि त्याची सुरुवात तारखेने होते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'जीआर'वर हा संकेतांक नसेल, किंवा संकेतांक टाकून तो संकेतस्थळावर सापडत नसेल, तर त्यावर विसंबून काहीही करू नका.

वित्त विभागाच्या हाताखाली काही मोठी कार्यालयं आहेत. राज्याचा वस्तू व सेवा कर विभाग, लेखा व कोषागारे संचालनालय, स्थानिक निधी लेखापरीक्षा संचालनालय, विमा संचालनालय आणि राज्य लॉटरीचं आयुक्तालय. यातल्या पहिल्या दोघांशी आपला सर्वाधिक संबंध येतो, म्हणून पुढे त्यांच्यावरच जास्त थांबू.

नियोजन विभाग मात्र वेगळा. जिल्हा वार्षिक योजनेतून गावच्या रस्त्याला निधी हवा असेल तर वाट जिल्हा नियोजन समितीकडून जाते, आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात.

पायरी तिसरी: कोणता कर कुणाकडे, ते पाठच करा

सगळे कर वित्त विभाग गोळा करतो, हा नवख्या माणसाचा सगळ्यात मोठा गैरसमज. महाराष्ट्रात तसं नाही.

जीएसटी, व्यवसाय कर आणि पेट्रोल-डिझेल व दारूवरचा मूल्यवर्धित कर हे वित्त विभागाच्या वस्तू व सेवा कर विभागाकडे. घराच्या खरेदीखतावरचं मुद्रांक शुल्क महसूल विभागाकडे. त्याचे प्रमुख नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, आणि त्यांचं मुख्यालय पुण्यात. जमीन महसूलही महसूल विभागाकडेच, जिल्हाधिकाऱ्यापासून तहसीलदार आणि खाली गावपातळीपर्यंत. दारूवरचं राज्य उत्पादन शुल्क आणि वाहनांवरचा मोटार वाहन कर हे दोन्ही गृह विभागाच्या छत्राखाली, पण आयुक्त वेगवेगळे. विजेच्या बिलातलं वीज शुल्क ऊर्जा विभागाकडे. आणि घरपट्टी-पाणीपट्टी राज्याकडे नाहीच, ती ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेची.

पैसे मात्र, घरपट्टी-पाणीपट्टी आणि जीएसटीतला केंद्राचा वाटा सोडला तर, सगळे एकाच ठिकाणी जमा होतात: राज्याच्या एकत्रित निधीत. संविधानाच्या अनुच्छेद 266 मध्ये त्याची तरतूद आहे. विधिमंडळाने कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय त्यातून एक रुपयाही निघत नाही. अचानक आलेल्या खर्चासाठी अनुच्छेद 267 खालचा आकस्मिकता निधी वेगळा असतो.

कुठला पैसा कुठला, हे कळतं ते लेखाशीर्षावरून, म्हणजे प्रत्येक प्रकारच्या जमेला आणि खर्चाला दिलेल्या सांकेतिक क्रमांकावरून. त्याचे पहिले चार आकडे सगळ्या देशात सारखे आहेत. 0006 म्हणजे राज्याचा वस्तू व सेवा कर, 0029 जमीन महसूल, 0030 मुद्रांक व नोंदणी, 0039 राज्य उत्पादन शुल्क, 0041 वाहनांवरील कर, 0043 वीज शुल्क. शून्याने सुरू होणारं शीर्ष महसुली जमेचं. 2 ने सुरू होणारं महसुली खर्चाचं, जसं 2202 सर्वसाधारण शिक्षण, 2210 वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. 4 म्हणजे भांडवली खर्च, 6 म्हणजे कर्जं, 8 म्हणजे लोकलेखा, सरकारने दुसऱ्यांच्या वतीने फक्त सांभाळायचा पैसा. खर्चाच्या शीर्षाच्या शेवटी दोन आकडी उद्दिष्ट शीर्ष असतं: 01 वेतन, 13 कार्यालयीन खर्च, 53 मोठी बांधकामे. कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिल्या आठवड्यात आपल्या कार्यालयाची लेखाशीर्षं वहीत लिहून काढा. अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तकं मग नकाशासारखी वाचता येतात. त्यात प्रत्येक विभागाला एक इंग्रजी अक्षर दिलेलं असतं: गृहला बी, महसूल व वनला सी, वित्तला जी.

पायरी चौथी: जीएसटी कार्यालयाची रचना

1946 च्या विक्रीकर कायद्यापासून या खात्याची ओळख 'विक्रीकर विभाग' अशीच होती. 1 एप्रिल 2005 ला मूल्यवर्धित कर आला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, आणि पाटीही बदलली. जुने व्यापारी अजूनही 'सेल्सटॅक्सला जाऊन येतो' म्हणतात ते याच खात्याविषयी. मुख्यालय मुंबईत माझगावला.

सर्वात वर राज्यकर आयुक्त, त्याखाली विशेष आयुक्त, अपर आयुक्त, सहआयुक्त, उपायुक्त, सहायक आयुक्त, राज्यकर अधिकारी, राज्यकर निरीक्षक आणि कर सहायक. व्यापाऱ्याचा रोजचा संबंध राज्यकर अधिकारी ते उपायुक्त या पातळीशी येतो. कामाच्या शाखाही वेगळ्या: नोंदणी पाहणारी, विवरणपत्रं आणि करनिर्धारणा पाहणारी, लेखापरीक्षण करणारी, अन्वेषण म्हणजे धाडी-तपास करणारी, आणि अपील ऐकणारी. आदेश देणारा आणि अपील ऐकणारा अधिकारी एकच नसतो. व्यवसाय कराचं कामही याच खात्यात, पण त्याचे अधिकारी अनेक ठिकाणी स्वतंत्र असतात.

आता एक गुंता, जो फार लोकांना छळतो. जीएसटीत केंद्राचे अधिकारीही आहेत आणि राज्याचेही. मग आपला अधिकारी कोण? 2017 मध्ये झालेल्या वाटणीनुसार वर्षाची उलाढाल दीड कोटी रुपयांपर्यंत असलेल्या करदात्यांपैकी 90 टक्के राज्याकडे आणि 10 टक्के केंद्राकडे गेले. त्यावरच्या उलाढालीचे निम्मे-निम्मे. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन किराणा दुकानांपैकी एक राज्याच्या कार्यालयाखाली आणि दुसरं केंद्राच्या, असं होऊ शकतं. शेजाऱ्याला विचारून त्याच्याच कार्यालयात जाऊ नका. जीएसटीच्या राष्ट्रीय पोर्टलवर 'करदाता शोधा' मध्ये आपला क्रमांक टाका. केंद्र आणि राज्य दोन्ही अधिकारक्षेत्रं तिथे दिसतात, आणि त्यातली आपल्यावर देखरेख कुणाची हे नोंदणी प्रमाणपत्र आणि आलेल्या नोटिशीवरून कळतं.

नोंदणी क्रमांक 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाला 40 लाख रुपयांच्या उलाढालीनंतर नोंदणी बंधनकारक होते, सेवा देणाऱ्याला 20 लाखांनंतर. अर्जात त्रुटी निघाली तर आरईजी-03 या नमुन्यात विचारणा येते आणि आरईजी-04 मध्ये सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. बहुतेक अर्ज फेटाळले जातात ते जागेच्या पुराव्यावरून किंवा ही विचारणा वेळेत न पाहिल्यामुळे. अर्ज भरल्यावर ईमेल आणि मोबाईल रोज तपासा. सल्लागाराचा नंबर टाकला असेल तर त्याला रोज विचारा. त्याहून चांगलं म्हणजे स्वतःचाच नंबर टाका.

कर कुठे जातो, हेही समजलेलं बरं. सोलापूरच्या व्यापाऱ्याने चादरी पुण्यात विकल्या तर निम्मा कर केंद्राला आणि निम्मा महाराष्ट्राला. त्याच चादरी हैदराबादच्या दुकानदाराने घेऊन तिथे विकल्या तर राज्याचा हिस्सा अखेर तेलंगणाला जातो, कारण हा कर माल जिथे वापरला जातो तिथल्या राज्याचा आहे. 2017 पर्यंत मुंबईच्या वेशीवर जकात होती. ती गेल्यावर महापालिकांचं उत्पन्न बुडू नये म्हणून राज्याने त्याच वर्षी स्वतंत्र कायदा करून त्यांना भरपाई द्यायला सुरुवात केली.

व्यवसाय कराविषयी दोन ओळी, कारण लहान संस्था इथेच चुकतात. त्यासाठी दोन वेगवेगळी प्रमाणपत्रं असतात. एक मालकाचं स्वतःचं, त्यावर वर्षाला 2500 रुपये, आणि संविधानाच्या अनुच्छेद 276 नुसार यापेक्षा जास्त घेताच येत नाहीत. दुसरं नोकर ठेवणाऱ्याचं; त्यावर कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर भरायचा. महिना 10,000 रुपयांपेक्षा जास्त पगार असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याचे दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300. महिला कर्मचाऱ्यांना 1 एप्रिल 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर नाही.

पायरी पाचवी: नोटीस आली तर

घाबरून लगेच कार्यालयात धावू नका, आणि दुर्लक्ष तर मुळीच करू नका. आधी पोर्टलवर लॉगिन करून 'अतिरिक्त नोटिसा व आदेश' हे सदर उघडा. बऱ्याच लोकांना ते माहीतच नसतं, आणि आदेश निघून मुदत संपल्यावर कळतं. मग नमुन्याचा क्रमांक पाहा. एएसएमटी-10 म्हणजे विवरणपत्रातल्या तफावतीबद्दल विचारणा. त्याचं उत्तर एएसएमटी-11 मध्ये. डीआरसी-01 म्हणजे कारणे दाखवा नोटीस. उत्तर डीआरसी-06 मध्ये. डीआरसी-07 म्हणजे आदेश झालेला आहे; आता उत्तराची नाही, अपिलाची वेळ.

अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून तीन महिने. सबळ कारण असेल तर अपील अधिकारी आणखी एक महिना देऊ शकतो, त्यापुढे त्याच्याही हातात काही नाही. अपील दाखल करताना वादातल्या कराच्या 10 टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पायरी सहावी: कोषागाराची ओळख

कोषागार म्हटलं की नोटांच्या थप्प्या डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात रोख बँकेत असते आणि राज्याचं खातं रिझर्व्ह बँकेत. कोषागार करतं ते देयकं तपासणं, पैसे देण्याचा आदेश देणं आणि महिन्याचा हिशेब महालेखापालांकडे, म्हणजे सरकारी हिशेब ठेवणाऱ्या आणि तपासणाऱ्या कार्यालयाकडे पाठवणं. जिल्ह्याला जिल्हा कोषागार, तालुक्याला उपकोषागार. मुंबईत त्याऐवजी अधिदान व लेखा कार्यालय. गोव्यात हेच काम पणजीचं लेखा संचालनालय करतं. कोषागारातले वरिष्ठ अधिकारी महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतले असतात.

समजा तुम्ही एका शासकीय वसतिगृहाला खाटा पुरवल्या. देयक कोषागारात नाही, त्या कार्यालयाच्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे कार्यालयासाठी पैसे काढून देण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायचं. तो आधी पुरवठा आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि दर पाहतो. मग 'बीम्स' या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर त्या लेखाशीर्षात पैसे शिल्लक आहेत का ते पाहून प्राधिकारपत्र काढतो. निधी वरून खाली उतरतो: प्रशासकीय विभागाकडून नियंत्रण अधिकाऱ्याकडे, तिथून आहरण अधिकाऱ्याकडे. या वाटेत कुठेही तो अडला तर कोषागार काही करू शकत नाही. देयक कोषागारात पोहोचलं की तिथे नियमांनुसार तपासणी होते. त्रुटी असेल तर आक्षेप लिहून ते परत जातं. नसेल तर रक्कम थेट बँक खात्यात. करार अडीच लाख रुपयांपेक्षा मोठा असेल तर दोन टक्के जीएसटी टीडीएस कापला जातो, तो तुमच्या जीएसटी खात्यात परत दिसतो, बुडत नाही.

म्हणून 'बिल कुठे अडलंय' असं विचारू नका. तीन प्रश्न विचारा: प्राधिकारपत्र निघालं का, देयक कोषागारात कोणत्या तारखेला गेलं, आणि आक्षेप असेल तर काय आहे. पहिल्याचं उत्तर 'निधी नाही' असेल तर वाद कोषागाराशी घालण्यात अर्थ नाही.

मार्चचं गणित मात्र प्रत्येक पुरवठादाराने लक्षात ठेवायला हवं. सरकारचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि न खर्चलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे आपोआप रद्द होतो. कार्यालयं वर्षअखेरीला सगळी देयकं एकदम पाठवतात, कोषागारं रात्री उशिरापर्यंत चालू असतात, आणि किरकोळ आक्षेपावर परत आलेलं देयक पुन्हा पाठवायला दिवसच उरत नाहीत. मग त्याच पैशासाठी नव्या वर्षात नव्या तरतुदीची वाट पाहावी लागते. लहान पुरवठादाराचं भांडवल यात महिनोन्‌महिने अडकतं, कामगारांचे पगार थांबतात. माल डिसेंबरपर्यंत पोहोचवा आणि देयक जानेवारीत द्या. शक्य असेल तिथे एवढं जरूर करा.

पायरी सातवी: सरकारला पैसे भरताना

जीएसटी राष्ट्रीय पोर्टलवरच्या चलनानेच भरायचा. मुद्रांक शुल्क, व्यवसाय कर आणि इतर बहुतेक राज्य शुल्कं 'ग्रास' या शासकीय जमा प्रणालीतून. तिथे विभाग, जमा प्रकार आणि कार्यालय अचूक निवडा. चुकीचा जिल्हा निवडला तरी पैसे राज्याच्याच निधीत जातात, पण तुमच्या कामासाठी ते चलन उपयोगी पडत नाही. चलनाचा जीआरएन, म्हणजे शासकीय संदर्भ क्रमांक, जपून ठेवा. खरेदीखत नोंदवताना ते चलन 'डिफेस' केलं जातं, म्हणजे ते पुन्हा वापरता येत नाही. परतावा हवा असेल तर अर्ज कोषागाराकडे नाही, ज्या विभागासाठी पैसे भरले त्या विभागाकडे.

पायरी आठवी: हिशेब तपासणारे

महालेखापाल हे राज्य सरकारचे अधिकारी नाहीत. ते भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या हाताखाली काम करतात. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात. विदर्भ व मराठवाडा नागपूरकडे. जिल्हा परिषदा, नगरपालिका यांचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखापरीक्षा करते.

निवृत्त होणाऱ्या राज्य कर्मचाऱ्याने हे नीट समजून घ्यावं. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव तुमचं कार्यालय पाठवतं, आदेश महालेखापाल काढतात, पैसे कोषागार देतं, बँक फक्त खातं सांभाळते. सेवापुस्तकातल्या वेतनाची चूक असेल तर आपल्या शेवटच्या कार्यालयाकडे जा. आदेशातली चूक असेल तर त्याच कार्यालयामार्फत महालेखापालांकडे. महिन्याची रक्कम आली नसेल तर कोषागाराकडे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, तो नसेल तर निवृत्तिवेतन थांबतं. घरातल्या तरुणांनी आजी-आजोबांसाठी एवढं काम तरी अंगावर घ्यावं.

या यंत्रणेत नोकरी करायची असेल तर

सहायक राज्यकर आयुक्त आणि महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतली पदं राज्यसेवा परीक्षेतून भरली जातात. राज्यकर निरीक्षक गट ब अराजपत्रित संयुक्त परीक्षेतून, कर सहायक गट क च्या परीक्षेतून. सगळ्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्याच. मुलाखतीआधी राज्याचा अर्थसंकल्प उघडून निदान एका विभागाची मागणी, म्हणजे त्याने विधिमंडळाकडे मागितलेला खर्च, शेवटपर्यंत वाचा. पूरक मागण्या कशा येतात, लेखानुदान म्हणजे काय, विनियोजन विधेयक का लागतं, हे त्यातून आपोआप कळतं.

कुठूनच उत्तर मिळालं नाही तर

माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पण 'माझं बिल का दिलं नाही' असं लिहू नका, कारणं सांगणं माहिती अधिकारी टाळू शकतो. 'अमुक तारखेच्या देयकाची आवक नोंद, प्राधिकारपत्राची प्रत, कोषागाराने नोंदवलेल्या आक्षेपाची प्रत' अशी कागदपत्रं मागा, आणि अर्ज त्याच कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे पाठवा जिथे तो कागद तयार झाला. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा.